पाणी कुठवर

"आला!"

शब्द तोंडातून सुटला तेव्हा शिवयोगी हत्तुरे सिद्धाप्पाच्या दुकानात मान मागं टाकून दाढीला बसला होता. एक गाल मोकळा झाला होता, दुसऱ्यावर फेस तसाच होता आणि सिद्धाप्पाचा वस्तरा त्याच्या गळ्याशी होता. दारात दूधवाला बिरप्पा उभा होता. सायकलला अडकवलेल्या त्याच्या किटल्या रिकाम्या, एकमेकींवर आपटून खणखणत होत्या, धोतर मांडीपर्यंत चिखलानं माखलेलं. रात्री वरच्या अंगाला कुठंतरी आभाळ फाटलं होतं, आणि बिरप्पा सांगत होता की कुंभारीकडच्या ओढ्याला लोंढा आलाय, म्हशी पलीकडं अडकल्यात, जुन्या वस्तीच्या जागी पुरुषभर पाणी चाललंय. एवढंच त्यानं सांगितलं. आणि शिवयोगीच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला, घरी मुलगा झाल्याची तार वाचून एखाद्यानं ओरडावं तसा. आवाज त्याचाच होता, पण इतका मोकळा, इतका गोड की त्याला स्वतःलाच तो ओळखू आला नाही. गेल्या चार-पाच वर्षांत तो असा कधी बोलला नव्हता. समोरच्या आरशात त्याला अर्धा पांढरा चेहरा दिसला. तो हसत होता. आणि त्या चेहऱ्याच्या मागं, बाकावर आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेल्या कुंडलिकचे डोळे दिसले.

कुंडलिक गिरणीतून रात्रपाळी करून आलेला. केसांत कापसाची भुसकटं अडकलेली. माळावरच्या नव्या वस्तीत तो राहायचा, आणि त्याची आई मुक्ताबाई खाली ओढ्याकाठी, जुन्या जागी एकटी. हे शिवयोगीला ठाऊक होतं. दुकानातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. कुंडलिकनं आरशातून त्याच्याकडं पाहिलं, फार वेळ नाही, रस्त्यानं जाताना ओळखीच्या माणसाकडं पाहावं तितकंच. मग तो बिरप्पाला म्हणाला, "जुन्या वस्तीत? अरं, म्हातारी हाय की माजी तितं!" आणि बिरप्पाला बाजूला सारून पळत सुटला. शिवयोगी उठायला गेला. सिद्धाप्पानं तळहात त्याच्या कपाळावर दाबला. "हलू नका साहेब. कापंल."

तो बसून राहिला. उठता आलं असतं. वस्तरा बाजूला करता आला असता, फेस टॉवेलनं पुसता आला असता. पण सिद्धाप्पाचा तळहात कपाळावर असेपर्यंत डोळे मिटून घ्यायची सोय होती. गालाची कातडी ताणली जात होती, पातं खरखरत खाली येत होतं, तुरटीचा गार खडा फिरला तेव्हा चरचरलं. आत कुठंतरी तो आनंद अजून बसलेलाच होता. ते सगळ्यात वाईट होतं. लाज वाटल्यावर आनंदानं निघून जायला हवं होतं, पण तो उन्हात बसलेल्या मांजरासारखा पोटात ऊब धरून बसला होता. शिवयोगी स्वतःला समजावू लागला. आला म्हणजे काय? पूर आला, एवढंच. कुणीही म्हणेल. घाबरून म्हणेल, आश्चर्यानं म्हणेल. पण तो घाबरला नव्हता आणि आश्चर्य तर त्याला मुळीच वाटलं नव्हतं. स्टेशनवर उभं राहून राहून पाय मोडल्यावर लांबवर धूर दिसावा तसं त्याला वाटलं होतं. त्या क्षणी मुक्ताबाई त्याच्या मनात आलीच नव्हती. त्याला ती नंतर आठवली, आणि तेही कुंडलिकच्या बोलण्यामुळं.

पुण्याला इंजिनिअरिंगला असताना धरण फुटलं, त्या वर्षी तो नदीपासून जवळच एका खोलीत राहत होता. पाणी ओसरल्यावर तो गल्लीत परत गेला. प्रत्येक भिंतीवर एकाच उंचीवर एक रेघ उमटली होती. खाली तपकिरी, वर पूर्वीचाच पिवळा किंवा निळा रंग. गल्लीतल्या सगळ्या घरांवरून ती रेघ सरळ, पाणसळीनं मारल्यासारखी गेली होती आणि त्याच्या डोक्याच्या बरीच वर होती. लोक रडत होते, गाळात हात घालून भांडी शोधत होते, आणि तो मान वर करून त्या रेघेकडं बघत उभा होता. त्याला वाटलं होतं, ही रेघ कुणीतरी आधीच काढून ठेवायला हवी होती. खडूनं का होईना. पुढं सोलापूरला कचेरीत लागल्यावर कुंभारीच्या बाजूच्या नव्या रस्त्याचं आणि ओढ्यावरच्या पुलाचं काम त्याच्याकडं आलं. तेव्हा त्यानं नुसता पूल आखला नाही, ओढ्याचा अभ्यास मांडला. सोलापूरच्या ओढ्याचा अभ्यास! वर्षातले दहा महिने ज्यात पोरं विटीदांडू खेळतात, त्या ओढ्याचा. कचेरीत हसले. तो मोजणीची दुर्बीण आणि पट्टी घेऊन वस्तीत जाऊ लागला. म्हाताऱ्या माणसांना विचारी, पाणी कुठवर आलं होतं? मुक्ताबाईनं त्याला हाताला धरून नेलं होतं. "माज्या लगनाच्या साली हितवर लागलं हुतं बगा," असं म्हणून तिनं एका जुन्या लिंबाच्या बेचक्यावर हात ठेवला होता. तिला चहा करून द्यायची हौस होती. गुळाचा, काळा, दुधाचा थेंब नसलेला. ते महिने शिवयोगीच्या आयुष्यातले सुखाचे होते. संध्याकाळी मळलेल्या पायांनी घरी यावं, नकाशावर एकेक उंची जोडत जावी, आणि कागदावर हळूहळू पाणी चढावं. न आलेलं पाणी. ते फक्त त्याला दिसत होतं.

अभ्यासाचा निष्कर्ष साधा होता. असा पूर पुन्हा येणार, आणि आला की वस्ती राहणार नाही. पूल उंच हवा, वस्ती माळावर हलवायला हवी. मोठे साहेब आधी नको म्हणाले, मग पुण्याच्या पुराचं नाव काढल्यावर हो म्हणाले. पूल झाला, उंच, चांगल्या रुंद गाळ्यांचा. वस्ती हलली. लोक आनंदानं गेले नाहीत, पण गेले. साहेब सांगतोय, पट्टी लावून सांगतोय, म्हणून गेले. आणि मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षी गेला, बहात्तर साली तर ओढ्याच्या वाळूतून धूर निघावा असं ऊन पडलं. त्या उंच पुलाच्या सावलीत दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडायच्या आणि दुपारी सुकडी खायला तिथंच बसायच्या. पुलाचा तेवढाच उपयोग होता. शिवयोगी पाहणीला गेला की हातोड्या थांबायच्या, पदर तोंडाला जायचे. कुणीतरी त्याला पूरवाले साहेब म्हणू लागलं. ते नाव कचेरीत पोचलं, बाजारात पोचलं, घरी पोचलं. त्याचे वडील वीरभद्रप्पा भुसाराच्या दुकानातून जेवायला आले की पाय धुता धुता आभाळाकडं बघायचे आणि कानडीत विचारायचे, "नीर बंतेनो, शिवू?" पाणी आलं का रे? त्यांच्या मनात काही नसायचं. म्हातारा माणूस, थट्टा करायचा. पण शिवयोगीचा घास तोंडात फिरायचा.

वस्तीला थट्टा सुचत नव्हती. जुन्या जागी एक आड होता, ओढ्याच्या झिऱ्यांवर जगणारा. तो दुष्काळातही आटला नाही. पण माळावर खडक होता. तिथं दोनदा खोदून बघितलं, नुसता भुगा निघाला. बायका खाली आडावर यायच्या आणि हंड्यावर हंडा घेऊन चढ चढायच्या. कुंडलिकची बायको गोजर दिवस गेलेली असताना त्या चढावर घसरली. मूल गेलं. शिवयोगीला ते कचेरीत कळलं, शिपायाकडून, दुसऱ्याच कुठल्याशा बोलण्यात. तो दिवसभर टेबलाशी बसून होता. घसरणं कुठंही होतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. पुढं पुलाजवळ मुक्ताबाई भेटली. डोक्यावर गाठोडं, काखेत तवा. ती वाटेत उभी राहिली आणि एसटी किती वाजता आहे हे विचारावं तशी म्हणाली, "साहेब, तुमचा पूर कवा यायचा हाय?"

"तसं सांगता येत नाही, मुक्ताबाई. उद्या येईल, तीस वर्षांनी येईल. पण येणार."

"म्हंजी तुमालाबी ठाव न्हाय."

"कधी ते नाही. पण कुठवर येईल ते माहीत आहे."

तिनं काखेतला तवा सावरला. "आन तान तर रोज लागती की, साहेब," ती म्हणाली. "मी जाती खाली. सुनंला आता चढ न्हाय चढायचा. मी आडावरनं शेंदून ठेवीन, ल्योक येऊन न्हील." शिवयोगीनं तिला अडवलं. समजावलं. त्या लिंबाचं बेचकंसुद्धा दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, "ते मीच दावलं हुतं तुमाला." आणि गेली. दुष्काळ संपला तरी ती वर आली नाही. आडाभोवती वांगी-मिरच्या लावल्या, त्यात रमली. त्यानंतर पुलावरून जाताना शिवयोगीला खाली तिच्या चुलीचा धूर दिसायचा. वरच्या बाजूला ढग जमले की तो मुद्दाम सायकल काढून त्या बाजूला जायचा. काळजीनं जातो असं घरी सांगायचा. कठड्याला टेकून तो वाळूकडं बघायचा आणि पाऊस न पडता ढग निघून गेले की त्याची मान खाली जायची. एकदा असाच उभा असताना धुराकडं बघून त्याच्या मनात आलं होतं, राहू दे. येईल तेव्हा कळेल. कुणाला कळेल आणि काय, हे तेव्हा त्यानं पुढं बघितलं नाही.

"झालं, साहेब," सिद्धाप्पा म्हणाला.

तो सायकलवर बसला आणि कुंभारीच्या रस्त्याला लागला. रस्त्यावर माणसं त्याच बाजूला चालली होती, काही घाईनं, काही जत्रेला चालल्यासारखी. शहर संपलं आणि आवाज ऐकू येऊ लागला. तो पाण्याचा आवाज वाटत नव्हता. गिरणीत माग चालतात त्या साच्याखात्याचं दार उघडल्यावर येतो तसला एकसारखा, अंगावर बसणारा आवाज होता. आणि मग पूल दिसला. तांबडं, दाट पाणी गाळ्यांच्या कमानींना भिडून आत शिरत होतं, पलीकडून फेसाळत निघत होतं. अख्खी बाभळ मुळासकट आली, एका गाळ्यात वळली, आणि निघून गेली. पूल हलला नाही. शिवयोगीचा हात नकळत कठड्यावर गेला, आणि दगडातून येणारी थरथर तळव्याला लागली. किती बरोबर! त्याच्या मनात आलं. किती बरोबर बसवलंय! डाव्या अंगाला लिंब दिसत होता. पाणी बेचक्याच्या खाली वीतभर होतं. त्याचे डोळे तिथं आपोआप गेले होते. आडाकडं, झोपडीकडं ते नंतर गेले. तिथं काहीच नव्हतं. नुसतं पाणी गोल गोल फिरत होतं. त्यानं हात कठड्यावरून काढून घेतला, भाजल्यासारखा, आणि विजारीला पुसला. कुणी बघितलं नव्हतं. पण सकाळी दुकानातला तो शब्द नकळत सुटला होता, असं म्हणायची जी एक फट उरली होती, ती आता बुजली.

माळाच्या उतारावर सगळी वस्ती येऊन उभी होती. बायका, म्हातारी माणसं, पोरं कडेवर. सगळे सुके, सगळे जिवंत, खाली आपल्या जुन्या जागेकडं बघत. शिवयोगीला बघून कुजबूज झाली आणि माणसं बाजूला झाली. त्याला वाटलं, कुंडलिकनं सांगितलं असणार. आता कुणीतरी विचारेल. त्याला बरं वाटलं. काय उत्तर द्यायचं ते त्याला सुचत नव्हतं, पण कुणीतरी विचारायला हवं होतं. तेवढ्यात दगडाबाई नावाची म्हातारी पुढं आली आणि वाकून तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तिचं कपाळ त्याच्या मळक्या चपलेवर होतं.

"सायेब, तुमी व्हता म्हनून ही लेकरं हायती," ती म्हणाली. "आमी तुमाला हसलो. लई हसलो. माफी करा."

"उठा, आजी. असं करू नका."

"न्हाय, सायेब, हसलो. ह्या तोंडानं हसलो." तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मग बाकीच्या बायका पुढं सरल्या. कुणी हात जोडले, कुणी पोराला त्याच्या पायाशी घातलं. शिवयोगी मागं सरत होता आणि मागंही माणसंच होती. किती वर्षं त्यानं नेमकं हेच मनात रंगवलं होतं! जेवताना, कचेरीत, अंथरुणावर. ते हसणारे चेहरे असे खाली जातील आणि तो मोठ्या मनानं म्हणेल, असू द्या, असू द्या. आता ते अगदी तसंच घडत होतं, शब्दसुद्धा तेच होते. पण दुसऱ्याच्या घरात शिरून आपण आपल्यासाठी वाढलेलं ताट समजून जेवायला बसलो आहोत, आणि घरातली माणसं आग्रह करताहेत, तसं त्याला झालं. "मुक्ताबाई?" त्यानं विचारलं. "कुंडलिक गेलाय खालच्या अंगाला," एक जण म्हणाला. "दोर घिऊन."

दुपारी मोठे साहेब जीपमधून आले. पुलावर उतरून त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून पाणी बघितलं आणि शिवयोगीच्या पाठीवर थाप मारली. "हत्तुरे, शाब्बास! उभा आहे की तुमचा पूल. तुमचा अभ्यास आता मी मुंबईला मांडतो. सगळ्या ओढ्यानाल्यांना हीच पद्धत लावायची." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "एक बाई गेली म्हणे. पण ती आपण हलवली होती ना? परत गेली. त्याला तुम्ही काय करणार?" "काही नाही," शिवयोगी म्हणाला. ते खरंच होतं. त्याला करण्यासारखं काही नव्हतं, त्यानं केलंही काही नव्हतं. कुठल्याही चौकशीत तो निर्दोष सुटला असता. साहेब जीपमध्ये चढता चढता म्हणाले, वरच्या तलावाचा सांडवा चालू झालाय, संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा चढेल, लोकांना खाली जाऊ देऊ नका.

मुक्ताबाई दिवस कलायच्या आत सापडली. खालच्या वळणावर बाभळींच्या जाळीत. तिला उताराशी आणलं तेव्हा शिवयोगीनं तोंड फिरवलं नाही, बघितलं. पातळ नेसलेलं तसंच होतं, हात आखडलेले, बोटांच्या सांदीत गाळ. गोजर मोठ्यानं रडली, मग बायकांनी तिला वर घरी नेलं. पावसाची भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. माणसांनी घराघरातून लाकडं, गोवऱ्या काढल्या, पोती टाकून झाकल्या. रॉकेलचा डबा आला. तिरडी बांधून झाली आणि सगळे थांबले. कुंडलिक माणसांतून वाट काढत शिवयोगीपाशी आला. सकाळपासून तो पाण्यातच होता, ओठ निळे पडलेले.

"साहेब," तो म्हणाला, "मसनवटा पान्याखाली हाय. वरचं पानी अजून यायचं म्हनत्यात. आईला कुटं ठिवू?"

शिवयोगीनं त्याच्या आवाजात टोमणा शोधला. तो नव्हता. तो असता तर धरायला काहीतरी झालं असतं.

"कुंडलिक," तो म्हणाला, "सकाळी दुकानात मी... माझ्या तोंडून..."

"ऐकलं की," कुंडलिक म्हणाला. तो शिवयोगीकडं बघत नव्हता, लाकडांकडं बघत होता. "लाकडं भिजायलीत, साहेब. जागा सांगा. पानी कुटवर यील ते तुमालाच ठाव."

शिवयोगी उतारावर पुढं झाला. मागून तिरडी निघाली, लाकडं घेतलेली माणसं निघाली. ह्या उताराची प्रत्येक उंची त्याला पाठ होती. डोळे मिटून त्यानं सांगितलं असतं, इथं कधी नाही, इथं शंभर वर्षांत एकदा, इथं देवालासुद्धा पाणी आणता येणार नाही. एका सपाट खडकाशी तो थांबला. कुठल्याही हिशेबानं ती जागा कोरडी राहणार होती. "इथं," तो म्हणाला. माणसांनी लाकडं खाली ठेवली. त्यानं ओढ्याकडं बघितलं. तांबडं पाणी खूप खाली होतं, संथपणे चढत होतं.

"नको," तो म्हणाला. "आणखी वर."

माणसांनी लाकडं उचलली. थोडं वर एका बोरीपाशी त्यानं पुन्हा हात केला, आणि कुणी वाकायच्या आत म्हणाला, "अजून थोडं." पाय घसरत होते. कुंडलिकच्या खांद्यावरचा बांबू वाकडा झाला, त्यानं तो सरळ केला. भुरभुर वाढली. चपला चिखलात रुतत होत्या, मागं माणसांचे श्वास ऐकू येत होते, आणि शिवयोगीला मागं वळून बघवत नव्हतं. प्रत्येक जागा त्याला ओली दिसत होती. खडक, कुसळं, पायवाट, सगळं. "वर," तो म्हणत होता. "आणखी वर." आणि ती माणसं मुक्ताबाईला खांद्यावर घेऊन, तो म्हणेल तसं, चढत होती.

"साहेब," शेवटी कुंडलिक म्हणाला, "ह्याच्या वर आता आमची घरंच हायती की."

शिवयोगी थांबला. समोर पहिल्या घराचा पत्रा दिसत होता, दारात गोजर उभी होती. त्यानं वळून बघितलं. सगळे उभे होते, पाणी निथळत, तिरडी खांद्यावर घेऊन, आणि तो सांगेल तिथं ठेवायला तयार होते.